चार वाजताचं पाणी

मी पोचलो तेव्हा कोरगावकर सर कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि पितळेच्या परातीने पाणी उचलून, हात डोक्यावर नेऊन, परत त्याच पाण्यात ओतत होते. सदुसष्ट वर्षांचा माणूस. अंगात नुसतं बनियन, डोक्याला टॉवेल, चष्मा दोरीने मानेला बांधलेला. काठावरून मी दोनदा हाक मारली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.

"सर, हे काय करताय?"

"पाण्यात हवा मिसळतोय," ते म्हणाले. "उंचावरून पडलं की थोडी मिसळते. मशिन आणलंस?"

"आणलंय. टेम्पोत आहे."

"मग उभा काय राहिलास?"

सकाळचे साडेआठ वाजले होते आणि काठचा कातळ आत्ताच पायाला चटके देत होता. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. शाळवी नदी वर-खाली पार आटली होती. जिकडे बघावं तिकडे वाळलेलं शेवाळ आणि गोटे. कातळडोहात तेवढं पाणी उरलं होतं. एरवी दोन पुरुष खोल असलेला तो डोह आता चाळीस पावलं लांब आणि पंधरा पावलं रुंद झाला होता. आणि त्याच्या मधोमध सगळे मासे वर आले होते. तोंडं पाण्याबाहेर, ओठ उघडत होते, मिटत होते. त्याचा आवाज काठापर्यंत ऐकू येत होता. चपचप, चपचप. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायची हिंमत नाही.

मी बशीर मुजावर. तालुक्याच्या गावी माझं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी बांधायचं दुकान आहे, पंक्चरही काढतो. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी अडतीसचा होतो. रविवारी गळ घेऊन नदीवर बसायचं, एवढाच माझा नाद. तिथेच सरांची ओळख झाली. सर हायस्कुलात छत्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांची तऱ्हा वेगळी होती. मासा गळाला लावायचे, हातात घेऊन बघायचे आणि परत सोडून द्यायचे. नदीत खडस कमी होत चालली, हे सगळ्यात आधी त्यांनी सांगितलं. खडस म्हणजे मोठ्या खवल्यांचा, सोनेरी झाक असलेला मासा. पूर्वी हातभर लांबीची मिळायची म्हणे. मग वाळूवाल्यांनी पात्र खरवडून नेलं, काठची झाडं गेली, आणि पात्रात राहिली ती चिलापी आणि कोणीतरी आणून सोडलेला मांगूर, दोन्ही बाहेरचे मासे.

सरांनी आम्हा पाच-सहा गळवाल्यांना कामाला लावलं. चार उन्हाळे आम्ही दर रविवारी आडोली गावाच्या खालच्या अंगाला राबलो. ट्रॅक्टरने गोटे आणून पात्रात परत टाकले, म्हणजे पाणी खळाळत राहील आणि माशांना अंडी घालायला जागा मिळेल. काठाला वाळुंज आणि पाणजांभूळ लावली. खडशीची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, डब्यातून आणून डोहात सोडली. ती आता दीड-दोन किलोंची झाली होती. तीसएक जगली होती. आणि त्यांच्यात एक नदीची मूळची होती, आम्ही येण्याआधीपासूनची. सरांनी तिला तीनदा गळाला लावून तीनदा सोडली होती. आम्ही तिला थोरली म्हणायचो. जुन्यांपैकी ती एकटीच राहिली होती.

मी कॉम्प्रेसर उतरवला. पंक्चरच्या दुकानातला, पेट्रोल इंजिनवर चालणारा. त्याला ठिबकची नळी जोडली, तिला दगड बांधून तळाशी सोडली आणि दोरी ओढली. इंजिनाने आवाज धरला आणि डोहाच्या तळातून बुडबुड्यांची एक लांब रांग वर आली. पाच मिनिटांत दोन-तीन मासे तिकडे सरकले. मग आणखी चार. चपचप थांबली नाही, पण कमी झाली.

सर परात काठावर टाकून खाली बसले.

"शाबास," ते म्हणाले. "शाबास बशीर."

मला फार बरं वाटलं. त्या मंडळीत सगळे शिकलेले, मी एकटा सातवीतून शाळा सोडलेला. माझं काम म्हणजे ट्रॅक्टर बंद पडला की खाली शिरायचं. त्या दिवशी पहिल्यांदा सगळं माझ्यावर होतं.

हौसाक्का आली ती तेवढ्यात. खांद्यावर फेकजाळं, मागे सून शेवंता, तिच्या कमरेवर एक आणि डोक्यावर एक कळशी. हौसाक्का आडोलीच्या भोईवाड्यातली. या डोहावर तिच्या सासऱ्याच्या बापापासून भोयांचं जाळं पडत होतं. सर चार वर्षांपूर्वी तिच्या दारात जाऊन बसले होते आणि म्हणाले होते, कातळडोहात जाळं टाकू नका, चार वर्षं कळ काढा. तिने तेव्हा विचारलं होतं, "तुम्ही मासा धरता नि सोडता. मग धरता कशाला?" पण तिने भोईवाड्याला सांगितलं आणि चार वर्षं एक जाळं इथे पडलं नाही. ते लोक खाली तीन कोसांवरच्या धरणावर जायला लागले, चालत.

तिने डोहाकडे बघितलं आणि जाळं खाली ठेवलं.

"गुरुजी, आत्ताच्या आत्ता काढूया. दुपारपतोर एक बी ऱ्हायचा न्हाई."

"कुठे नेणार?"

"राजाईच्या डोहात. वर झरा हाय त्येला, पानी गार हाय. जाळं भिजवून टाकते, खवला बी निघू द्यायची न्हाई. कळशीत एक-एक घालायचा नि पळायचं."

राजाईचा डोह पाव कोसावर, चढणीच्या पायवाटेने. टेम्पो जाणार नव्हता.

"या उन्हात?" सर म्हणाले. "आधीच श्वास कोंडलेला मासा जाळ्यात धडपडला तर तिथेच मरेल. कळशीत किती वेळ टिकेल? अर्धे वाटेत जातील."

"अर्धे जातील," ती म्हणाली. "अर्धे वाचतील."

सरांनी नदीच्या वरच्या अंगाला बघितलं. वरच्या खामनवाडीला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. त्याच्या दारांत लोखंडी फळ्या बसवून पाणी अडवतात, आम्ही त्यांना बरगे म्हणतो. तिथल्या चौकीदाराने सरांना सकाळीच फोनवर सांगितलं होतं की, गावची पाण्याची टाकी भरून झाली की दोन बरगे काढतो. पाणी खाली यायला चार वाजतील. चार वाजेपर्यंत डोह टिकला की सगळे मासे वाचत होते. अर्धे नाहीत, सगळे.

सरांनी माझ्याकडे बघितलं.

"बशीर, चारपर्यंत चालेल तुझं मशिन?"

आता सांगतो ते त्या दिवशी सांगायला हवं होतं. त्या कॉम्प्रेसरच्या पिस्टनची रिंग गेली होती. दोन महिने झाले होते. हवेबरोबर थोडं तेल यायचं. ट्यूबमध्ये हवा भरायला त्याने काही बिघडत नाही, म्हणून मी बदलायचं पुढे ढकलत होतो. सकाळी टेम्पोत चढवताना ते माझ्या ध्यानात आलंही होतं. पण दुसरा कॉम्प्रेसर नव्हता, आणि सरांचा सकाळचा फोन इतका घाईचा होता की मी रिंगेचा विचार बाजूला सारला. तिथे, त्या काठावर, हौसाक्का आणि सर माझ्याकडे बघत असताना मी विचार केला असता तर करता आला असता. पण ते शाबास माझ्या कानात होतं.

"चालेल सर," मी म्हटलं. "संध्याकाळपर्यंत चालेल."

"मग थांबू," सर म्हणाले.

हौसाक्का करंजाच्या सावलीत जाऊन बसली. जाळं मात्र तिने पाण्यात भिजवून मांडीवर घेतलं आणि ते वाळू दिलं नाही. दर थोड्या वेळाने शेवंता ओंजळीने त्याच्यावर पाणी शिंपडायची.

दहा वाजले. अकरा वाजले. इंजिन तापत होतं, मी त्याच्यावर ओलं गोणपाट टाकत होतो. मासे नळीच्या अंगाला गोळा झाले होते. थोरली सगळ्यांच्या खाली, बुडबुड्यांच्या अगदी जवळ, हलत नव्हती. तिचा काळपट कणा दिसत होता तेवढा. सर पुन्हा पाण्यात उतरले आणि परात चालवायला लागले. मी म्हटलं, बसा, मशिन चालू आहे. ते म्हणाले, दोन्ही चालू दे.

साडेअकराच्या सुमाराला मला पाण्यावर रंग दिसला.

आधी एका बाजूला, काठाच्या कपारीपाशी. हिरवा, जांभळा, पिवळा. रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतो तसा. मी तो पायाने ढवळला. तो फुटला आणि परत जुळला. मग नजर जाईल तिकडे तो दिसायला लागला. तीन तास थोडं थोडं तेल आत गेलं होतं, आणि वाहत्या नदीत ते कुठल्या कुठे गेलं असतं, पण हे पाणी कुठेच जात नव्हतं. आणि मासे वर तोंड काढून तेच पाणी ओढत होते.

बंद करावं तर सकाळची चपचप परत सुरू, आणि आता ऊन डोक्यावर. चालू ठेवावं तर तेल. मला काहीच कळेना. मी गोणपाट फाडलं, त्याच्या पट्ट्या केल्या आणि पाण्यावरून ओढायला लागलो.

"काय करतोयस?" सरांनी विचारलं.

"शेवाळ आलंय सर. काढतो."

त्यांनी चष्मा डोळ्याला लावला, पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काढ," म्हणाले, आणि परत परात उचलली.

मी पट्ट्या ओढत राहिलो, पिळत राहिलो. हात तेलकट झाले. मनात एकच घोकत होतो: चार वाजू देत. पाणी साडेतीनलाच येऊ दे. चौकीदाराने आत्ताच बरगे काढलेले असू देत. साडेबाराला पहिला मासा आडवा झाला. पांढरं पोट वर. मग दुसरा. ते गोल फिरायला लागले, जसं काही खाली कुठलं आणि वर कुठलं हेच ते विसरले होते.

हौसाक्का उठली. लुगड्याचा काष्टा आवळून पाण्यात आली, आडवा झालेला मासा उचलला आणि त्याचे कल्ले बोटाने उघडून बघितले. मग बोट नाकाशी नेलं. तिथूनच तिने माझ्याकडे बघितलं. सर आमच्या दोघांच्या मध्ये पाठमोरे होते. ती फिरली आणि सुनेला ओरडली, "शेवंते, कळश्या आन!"

"अक्का, थांबा!" सर म्हणाले. "जाळं नको. तीन-साडेतीन तासांचा प्रश्न आहे."

"गुरुजी, बाजूला व्हा."

तिने जाळं हातावर घेतलं, कोपरावर तोललं आणि फेकलं. ते पूर्ण गोल उघडून पाण्यावर पडलं. आम्ही सगळे आयुष्यभर मासे धरणारे लोक, पण तसं काही मी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या फेकीत सात मासे आले. तिने एकालाही ओरबाडू दिलं नाही. जाळं पाण्यातच ठेवून, हात आत घालून, डोळे झाकून धरल्यासारखं एकेकाला कळशीत सोडलं. शेवंता पळाली. मी इंजिन बंद केलं, दुसरी कळशी उचलली आणि तिच्या मागे पळालो.

त्या पायवाटेचं मला आता नीट आठवत नाही. पायात चप्पल होती का नव्हती, तेही आठवत नाही. कळशी छातीशी धरलेली, तिच्यात दोन मासे, त्यांच्या शेपट्यांचे फटके आतून छातीला लागायचे. फटके लागतायत तोवर जिवंत आहेत, एवढं समजत होतं. अर्ध्या चढावर एकाचे फटके थांबले. मी पळत राहिलो. राजाईच्या डोहात ओतलं तेव्हा एक खाली गेला, एक तरंगत राहिला.

मी चार खेपा केल्या. शेवंताने सहा केल्या. सरही आमच्याबरोबर निघाले होते, पण दोन खेपांनंतर वाटेवर बसले आणि उलटी झाली त्यांना, मग तिथेच बसून आमच्या कळश्यांवर ओलं फडकं टाकायचं काम करत राहिले. शेवटच्या खेपेला हौसाक्का म्हणाली, "थोरली ऱ्हायली. ती कळशीत मावायची न्हाई."

मी तिला टेम्पोतल्या दुसऱ्या गोणपाटात गुंडाळलं. ओल्या गोणपाटात, तान्ह्या पोराला घेतात तसं हातांवर आडवी घेतली आणि निघालो. जड होती. सात-आठ किलो असेल. तिचा डोळा माझ्याकडे होता, तो मिटत नाही ना माशाचा. मी तिच्याशी बोलत होतो. काय बोललो ते सांगत नाही. वाटेवर सर बसलेले होते. मी समोरून गेलो तेव्हा ते उभे राहिले आणि माझ्याबरोबर चालायला लागले, एक हात तिच्या पोटाखाली धरून. त्यांना दम लागत होता. अखेरच्या वळणाआधी त्यांनी हात काढून घेतला.

"बशीर," ते म्हणाले. "ठेव खाली."

"आलं सर. पाच मिनिटं."

"गेली ती. ठेव."

मी तरी तिला डोहापर्यंत नेलं. पाण्यात धरून पुढे-मागे हलवलं, सरांनीच शिकवलं होतं तसं, म्हणजे कल्ल्यांत पाणी जातं. बराच वेळ हलवलं. तिच्या पोटात अंडी होती, हाताला लागत होती. मग सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी सोडलं.

आम्ही खाली आलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पाणी आलं होतं. चौकीदाराने शब्द पाळला होता. गोट्यांतून, आम्हीच टाकलेल्या गोट्यांतून, खळाळत येत होतं, गार, स्वच्छ. कातळडोहात राहिलेले मेलेले मासे त्याने उचलले आणि एकेक करत खाली नेले. नऊ मासे राजाईत जिवंत पोचले होते. बाकी सगळे गेले. सर काठावर बसून ते वाहत जाताना बघत राहिले. हौसाक्काने जाळं पिळलं, खांद्यावर टाकलं आणि सुनेला घेऊन घरी गेली.

मी काहीच बोललो नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आडोलीच्या मारुतीच्या देवळात ग्रामसभा बोलावली. बोलावली होती अभयराज इंगवलेने. तो आडोलीचाच, आणि आमच्यातला गळवाला. तालुक्याला त्याचं हॉटेल होतं, आणि ट्रॅक्टर त्याचा असायचा. त्या दिवशी तो परगावी होता. परत आला तर पाण्यात मेलेले मासे आणि त्या दुपारी काठावर जमलेल्या गावकऱ्यांनी सांगितलेली हकिगत, की भोयांनी डोहात जाळं टाकलं.

"चार वर्षं आपण घाम गाळला," तो म्हणाला, "आणि या लोकांनी एका दुपारत उरकलं. मेलेल्या माशांचे कल्ले बघा, काळे पडलेत. ब्लीचिंग पावडर टाकलीय. हे लोक टाकतात, सगळ्यांना माहीत आहे. आधी मासे गुंगवायचे आणि मग जाळं."

हौसाक्का बायकांच्या बाजूला खाली बसली होती. तिच्या शेजारी शेवंता. कोणीतरी म्हणालं, भोईवाड्याला नदीबंदी करा. कोणीतरी म्हणालं, जाळी जप्त करा. पोलिसपाटील मान डोलवत होता, ग्रामसेवक वहीत लिहीत होता. सरपंचाने विचारलं, "हौसाबाई, काय म्हणणं आहे?"

ती उभी राहिली. "आमी काय बी टाकलं न्हाई," एवढंच म्हणाली आणि बसली.

मी तिसऱ्या रांगेत होतो. माझ्या पुढ्यात दोन माणसं. मी उठलो असतो तर सगळ्यांना दिसलो असतो. मांड्यांना जोर द्यायचा आणि उठायचं, एवढंच करायचं होतं. माझे हात गुडघ्यांवर होते. मी ते गुडघ्यांवर दाबून धरले. आजपर्यंत कितीदा आठवलं असेल; दर वेळी मला तेच हात दिसतात.

उठले ते कोरगावकर सर.

"ब्लीचिंग नव्हतं," ते म्हणाले. वर्गात बोलायचे त्याच आवाजात. "ते तेल होतं. हवेचा कॉम्प्रेसर मी मागवला होता आणि त्यातून पाण्यात तेल जात होतं. हौसाबाई सकाळी नऊला म्हणाल्या होत्या, मासे काढा. मी ऐकलं नाही. नऊ मासे आज जिवंत आहेत ते त्यांच्या जाळ्यामुळे. बाकीच्यांचा दोष माझा आहे."

नदीबंदीची भाषा तिथेच थांबली. इंगवले काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. सर बसले नाहीत, चपला घालून बाहेर पडले. मी त्यांच्या मागे धावलो. एसटी स्टँडच्या वाटेवर गाठलं.

"सर, तुम्हाला कधी कळलं?"

"तुला कळलं तेव्हाच. शेवाळ म्हणालास ना, तेव्हा."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

ते थांबले. उन्हात चष्म्याच्या काचा चमकत होत्या, डोळे दिसत नव्हते.

"कारण बंद करावं की चालू ठेवावं, हे मलाही कळत नव्हतं. म्हणून मीही चालूच ठेवलं. देवळात मी तुझ्यासाठी खोटं बोललो असं समजू नकोस. मी माझ्यापुरतं खरं बोललो." आणि मग जरा थांबून म्हणाले, "तुझं तू बघ."

गाडी आली, ते चढले. त्यानंतर सर नदीवर आले नाहीत. त्या पावसाळ्यात मुलीकडे नाशिकला गेले, आणि दीड वर्षाने तिथेच वारले. मी त्यांना एक पत्र लिहिलं होतं. ते पोचलं की नाही, मला माहीत नाही.

महिनाभर मी दुकानात मोटारी बांधत बसलो. मग एक दिवस भोईवाड्यात गेलो. हौसाक्का दारात बसून जाळं विणत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. रिंग, तेल, मी काय म्हणालो आणि काय नाही म्हणालो. तिचा हात चालूच होता.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "वास आला हुता."

"मग देवळात तुम्ही का नाही सांगितलंत, अक्का? माझं नाव का नाही घेतलंत?"

तिने आता वर बघितलं.

"माझं कोन ऐकनार हुतं, बशीर? तू सांगितलं असतं तर तुझं ऐकलं असतं."

तिने शेवंताला चहा ठेवायला सांगितलं. मी चहा न घेता निघालो. त्या घरात चहा घेण्याजोगा मी नव्हतो.

पुढची ग्रामसभा ऑगस्टात झाली. मी आडोलीचा नाही, मला तिथे बोलायचा हक्क नव्हता. सरपंचाला आधी जाऊन विचारलं. तो म्हणाला, अखेरीला दोन मिनिटं बोला. रस्त्याचं झालं, अंगणवाडीचं झालं, लोक उठायला लागले तेव्हा मी उभा राहिलो. इंगवले पुढच्याच रांगेत होता.

मी सांगितलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. कॉम्प्रेसर माझा होता, तो बिघडलाय हे मला ठाऊक होतं, सरांनी विचारल्यावर मी खोटं बोललो, आणि हौसाबाईंवर आळ आला तेव्हा मी इथेच गप्प बसलो होतो. कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. कोणी दिली नाही. इंगवले जमिनीकडे बघत होता. कोणीतरी जांभई दिली.

सरपंच म्हणाला, "झालं गेलं. मेलेले मासे काय आता परत येणार नाहीत. सांगून काय उपयोग? बसा, मुजावर."

मी बसणार, तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला.

"लिहून घ्या."

हौसाक्का उभी होती.

"काय लिहायचं?" ग्रामसेवकाने विचारलं.

"त्या दिशी माझं नाव लिवलं हुतं न्हवं वहीत? जाळं टाकून मासं मारलं म्हनून? मला वाचाया येत न्हाई, पर सुनेनं वाचून सांगितलंय. आता ह्यानं काय सांगितलं, त्ये बी लिवा. त्येच्या नावानिशी."

ग्रामसेवकाने सरपंचाकडे बघितलं. सरपंचाने मान हलवली. उठलेले लोक परत बसले. ग्रामसेवकाने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि मला म्हणाला, "पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं.